म्हातारा प्रवासाला गेला

गदीर मास्कच्या आत गुणगुणत होती, आणि कौमुदीच्या हातातली प्लेट किंचित कलली. घडले ते एवढेच. दम्मामच्या त्या खासगी रुग्णालयाच्या तळमजल्यावरील प्रयोगशाळेत सकाळची वेळ होती. इन्क्युबेटरमधून काढलेल्या प्लेट टेबलावर रांगेने मांडल्या होत्या, एसीचा घुमारा नेहमीसारखा चालू होता, आणि त्या घुमाऱ्याच्या खालून, कापडातून गाळून आलेला, एक सूर ऐकू येत होता. तो सूर या इमारतीत, या शहरात, या देशात असण्याचे काहीही कारण नव्हते. कौमुदीने प्रथम तो नाकारला. सूर मोजकेच असतात, त्यांच्या जुळण्या योगायोगाने होतच राहतात. शिवाय स्मृती ही साक्षीदार म्हणून फार कच्ची, तिला जे ऐकायचे असते तेच ती ऐकते. दोन्ही कारणे रास्त होती. मग ती चाल तिसऱ्या ओळीच्या शेवटी, जिथे कोणतीही शहाणी चाल वर चढली असती तिथे, अर्ध्या स्वराने खाली उतरली आणि थांबली. योगायोगाची शक्यता तिथे संपली. कौमुदीने प्लेट टेबलावर ठेवली.

"हे काय म्हणतेस?" तिने इंग्रजीत विचारले. दोघींत इंग्रजीच चाले, मध्ये मध्ये कामापुरते अरबी, जसे डॉक्टरबाईंना दुक्तूरा.

"सॉरी, दुक्तूरा. लहानपणचं आहे. कार्टूनचं गाणं."

"कुठल्या?"

"तुम्हाला नाही माहीत असणार. जुनं आहे. एका बेटावर वेधशाळा असते, तिथे एक म्हातारा आणि एक मुलगी..."

"आणि एक मांजर," कौमुदी म्हणाली, "जी पर्जन्यमापकातलं पाणी पिते. त्यामुळे त्या बेटावरच्या पावसाचे आकडे कायम चुकीचे."

गदीरने हातातली जंतू उचलायची तार आचेवरून बाजूला घेतली आणि तिच्याकडे पाहिले. मास्कच्या वर फक्त डोळे होते. पण डोळ्यांना जेवढे आश्चर्य व्यक्त करता येते तेवढे त्यांनी केले.

कानाझावाला कौमुदी पंचविसाव्या वर्षी गेली होती, सूक्ष्मजीवशास्त्रातील एका शिष्यवृत्तीवर. गावाविषयी तिला आधी काही ठाऊक नव्हते, आणि गेल्यावर पहिले कळले ते हे, की तिथे हिवाळ्यात बर्फ पडण्याआधी आभाळ गडगडते. गडगडाट म्हणजे पाऊस, हे तिच्या देहात बसलेले समीकरण तिथे मोडले. खिडकीबाहेर ओले, जड बर्फ पडत राही आणि खोलीत तिच्या गुडघ्यांवर रजई असलेले बुटके टेबल असे, ज्याच्या पोटात विजेची शेगडी असते. साई नदीच्या पुलापलीकडे व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारे एक दुकान होते. प्रयोगशाळेतली मियुकी नावाची सहकारी तिला तिथे प्रथम घेऊन गेली, भाषा सुधारावी म्हणून. हा हेतू कौमुदीला पटण्याजोगा होता. हेतूशिवाय ती सहसा कुठे जात नसे. तिथे तिने ती वेधशाळेची मालिका उचलली, कारण वेष्टनावर एक मुलगी हवामानाचा फुगा सोडत होती आणि फुग्याला बांधलेले उपकरण अचूक काढलेले होते. चित्रकाराने कुठेतरी जाऊन ते खरोखर पाहिले असले पाहिजे. मालिकेत फारसे काही घडत नसे. शिओ नावाची मुलगी रोज फुगा सोडी, म्हातारा आकडे लिहून घेई, मांजर पाणी पिई. एक संपूर्ण भाग केवळ धुक्यात गेला होता: पडद्यावर पांढरे, आणि त्यात दोघांचे आवाज, एकमेकांना आपण कुठे आहोत ते सांगणारे. तो भाग पाहताना कौमुदी रजईखाली पाय घेऊन बसली होती आणि चहा थंड झाल्याचे तिला कळले नव्हते. तिला जे होत होते त्याला नाव द्यायचे तिने पुष्कळ दिवस टाळले. त्याचा उपयोग नव्हता, त्यातून काही निष्पन्न होत नव्हते, आणि तरीही दिवसभर जंतू वाढवायच्या प्लेटमध्ये अगार ओतताना ते संध्याकाळसाठी शिल्लक आहे हे तिला आठवत राही. शेवटी, अन्य कोणतेही स्पष्टीकरण टिकेना तेव्हा, हा आनंद आहे असे तिने मान्य केले.

मग त्या आनंदाला फांद्या फुटल्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत माणसे उभ्याउभ्या चित्रपुस्तके वाचून संपवीत आणि त्यांना कोणी हाकलत नसे. तीही तशी उभी राहू लागली, पावसाळी कोटातल्या अनोळखी माणसांच्या रांगेत, सगळे आपापले पान उलटणारे. स्टेशनबाहेर नाणे टाकून खटका फिरवायची यंत्रे होती, त्यातून प्लास्टिकच्या गोळ्यात बसलेली ती पाणी पिणारी मांजर तिला तिसऱ्या की चौथ्या प्रयत्नात मिळाली, आणि यादृच्छिकतेवर तिने आयुष्यात इतके प्रेम पुन्हा कधी केले नाही. भाषा तिची खरोखर सुधारली, पण म्हाताऱ्याच्या तोंडून. एकदा प्रयोगशाळेच्या बैठकीत तिने आपले निष्कर्ष मांडले तेव्हा प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. ती सत्तरीतल्या बेटवासी पुरुषासारखी क्रियापदे वापरत होती. "कौमुदीसान," मियुकी म्हणाली, "आता तुला मिश्याच हव्यात." पुण्याला परतल्यावर, लग्नानंतर, तिने एकदा प्रसादला त्या मालिकेविषयी सांगू पाहिले होते. "कार्टून?" तो म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता, फक्त प्रश्न होता. पण त्या एका शब्दात ती गोष्ट जितकी लहान झाली तितकी ती पुन्हा मोठी करायला तिच्यापाशी शब्द नव्हते. तिने ती घडी घालून ठेवली. वस्तूंचे तसे होते; न वापरता त्या टिकतात.

आणि आता ती चाल इथे, अरबी शब्द अंगावर घेऊन, कातीफहून रोज बसने येणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या मास्कमधून बाहेर पडत होती. गदीर सांगू लागली, तसे ते साधेच निघाले. तिच्या लहानपणी मुलांच्या वाहिनीवर जपानी मालिका अरबीत येत, घरी कोणीही बोलत नाही अशा शुद्ध, ग्रांथिक अरबीत. शिओचे नाव तिथे नदा होते. ती मालिका पाहून गदीर पाचव्या वर्षी असे अरबी बोलू लागली की तिची आजी पाहुण्यांना बोलावून तिच्याकडून पाणी मागवून घेई आणि सगळे पोट धरून हसत. "मी म्हणायचे, हे मान्यवर, आपणास तृषा लागली आहे काय?" गदीर म्हणाली. कौमुदीला हसू आले. तिला वाटले की माझ्या मिश्यांविषयी हिला सांगावे, आणि दुसऱ्याच क्षणी तिने सांगितलेही. हे तिने प्रसादला सांगितले नव्हते, लेकीला, ईशाला, सांगितले नव्हते. ज्या मुलीला तिने सांगितले ती तिची जागा घ्यायला आलेली होती.

हे वाक्य कौमुदीच्या मनात कटुतेशिवाय होते. ते वर्णन होते. आरोग्यसेवेतील अमुक इतक्या जागा अमुक मुदतीत देशातल्या माणसांकडे जातील, असा हुकूम होता. हुकूम तिला तर्कशुद्ध वाटे. कोणत्याही देशाने आपल्या मुलींना सूक्ष्मदर्शक शिकवावे, याला तिचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते. प्रसाद रास तनुराच्या बाजूला तेलसेवेच्या एका कंपनीत होता. त्याची जागा आधीच गेली होती. तो फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचा, नाशिकला परतला, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बातम्या लावून बसू लागला. फोनवर त्याचा आवाज दर आठवड्याला थोडा अधिक सपाट होत गेला. मागच्या वर्षी त्याच्या हृदयात जाळी बसवली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की औषधे बरोबर आहेत, माणूस मात्र औषधाला साथ देत नाही. ईशा आता कौमुदीच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, होती. ती दम्मामच्या भारतीय शाळेत बारावीत होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. आईचा इकामा संपला की मुलीचाही संपतो. बारावीच्या अधेमध्ये शाळा बदलता येत नाही, आणि परीक्षेला बसणारे नाव जिथे नोंदले तिथेच बसते. सगळा प्रश्न इतकाच होता: मार्चपर्यंत इथे राहता येईल की नाही.

"मॅडम, मेरे हाथ में क्या है, बोलो," प्रयोगशाळाप्रमुख डॉ. फकरुद्दीन एकदा चहा ढवळत म्हणाले होते. ते हैदराबादचे, वाईट बातमी ते नेहमी साखर विरघळेपर्यंत थांबून देत. "बच्ची का काम्पिटन्सी टेस्ट आपको लेना है. आप पास बोले, तो उसकी पोज़िशन हो गई. फिर आपका नोटीस आता. आप बोले अभी कच्ची है, तो छह महीने बाद फिर टेस्ट. मैं कुछ नहीं बोल रहा, हौ ना? सिर्फ बता रहा हूँ."

"समजलं," कौमुदी मराठीत म्हणाली. कधी कधी तिच्याकडून ते व्हायचे.

मराठी त्या प्रयोगशाळेत आणखी एका वाटेने शिरले होते. कानाझावाला रेल्वेचा चालक प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारी, एकटा असला तरी. आणि तिचे प्राध्यापकही तसेच करायला लावीत. नमुन्यावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवायचे, नाव म्हणायचे, क्रमांक म्हणायचे, मग हात लावायचा. डोळा एकटा असला की झापड पडते, बोट आणि जीभ सोबत असली की चुका कमी होतात. याला आकडेवारीचा आधार होता, म्हणून तिने ती सवय उचलली. दम्मामला तिने ती मराठीत चालू ठेवली, कारण मोठ्याने स्वतःशी बोलणारी बाई कमीत कमी लोकांना कळावी असे तिला वाटे. गदीरने पद्धत शब्दांसकट घेतली. आता त्या तळमजल्यावर एक सौदी मुलगी थुंकीच्या डबीवर बोट ठेवून "नाव बरोब्बर, नंबर बरोब्बर" असे खणखणीत म्हणे, आणि रक्त घ्यायला बसणारी बिलकिस, जी दाभोळची होती, दारातून ओरडे, "अगो, हिला आता वालाचं बिरडंपण शिकव!"

ते महिने कौमुदीला नंतर पुष्कळ आठवले. गदीर हुशार होती, आणि तिचा हात हलका होता. प्लेटवर जंतूंच्या रेघा ती अशा ओढी की वसाहती एकेकट्या, मोत्यांसारख्या उगवत. काम संपले की दोघी चहा घेत आणि बेटावर जात. हा शब्द गदीरचा. धुक्याचा भाग अरबीत होता का? होता, पण त्याच्यावर वाऱ्याचे संगीत घातले होते; अगदी शांत पडदा मुलांना चालणार नाही असे कोणाला तरी वाटले असावे. मांजर होती का? होती, पण तिथे ती बोका होती. गदीरच्या फोनमध्ये आता मूळ मालिका होती, खाली इंग्रजी ओळींसह. तिने एका दुपारी धुक्याचा भाग लावून दिला, आणि कौमुदी पंचेचाळिसाव्या वर्षी, रुग्णालयाच्या चहाघरात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्या पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसली. तिला वाटले होते की हे आता छोटे दिसेल. ते छोटे दिसले नाही. या निरीक्षणाने ती दिवसभर अस्वस्थ राहिली, कारण वीस वर्षे ती ज्याला तरुणपणीची भाबडी आवड समजत आली होती ती आवड नीट पारखलेली होती, आणि मग प्रश्न असा उरत होता की ती बंद का केली.

त्याच सुमारास देशात सिनेमागृहे उघडली होती, आणि शेजारच्या खोबर शहरातल्या एका सभागृहात जपानी चित्रमालिकांचा मेळा भरला. गदीरने दोघी मायलेकींना बोलावले. "ममा, सीरियसली?" ईशा गाडीत म्हणाली. "यू वॉच्ड अ‍ॅनिमे? तू? जी मला टॉम अँड जेरीत फिजिक्स चुकीचं आहे म्हणून सांगायची?"

"ते चुकीचंच आहे."

"ओ गॉड."

आत निळ्या-गुलाबी केसांचे टोप हिजाबवरून घातलेल्या मुली होत्या, पुठ्ठ्याच्या तलवारी सांभाळणारे बाप होते, आणि एका बाजूला घडीच्या खुर्च्यांवर थर्मास घेऊन बसलेल्या आया होत्या, ज्यांना काय चालले आहे ते कळत नव्हते आणि ज्या हलणारही नव्हत्या. गदीर शिओ होऊन आली होती: अबायावर वेधशाळेचे निळे जाकीट, हातात फुगा, आणि कमरेला प्रयोगशाळेतला तडा गेलेला मोजपात्राचा नळा, पर्जन्यमापक म्हणून. लोक तिला ओळखत होते. एका दाढीवाल्या पोक्त माणसाने तिच्याशी त्या ग्रांथिक अरबीत मालिकेतले एक वाक्य म्हटले, तिने पुढचे वाक्य म्हटले, आणि त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. कौमुदीने तो क्षण पाहिला. तिला हेवा वाटला. आपल्या भाषेत हे वाक्य असलेला एकही माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, हे तिला तेव्हा स्पष्ट झाले. ईशा तिच्याकडे बघत होती. "तू हसतेयस," ती म्हणाली, आरोप केल्यासारखे.

त्या दिवशी गदीरनेच विचारले. थर्मासमधली कॉफी ओतता ओतता ती म्हणाली, "दुक्तूरा, तुम्ही म्हाताऱ्याचा शेवट पाहिला होता? खरा?"

"पाहिला होता. तो मरतो. फुग्याच्या शेडमध्ये."

"आमच्याकडे तो प्रवासाला जातो," गदीर म्हणाली. "दुसऱ्या बेटावर भावाकडे. मग त्याची पत्रं येतात, नदा ती वाचते. आमच्याकडच्या कार्टूनमध्ये कोणी मरत नसे. सगळे प्रवासाला जायचे."

"तुला कधी कळलं?"

"सोळाव्या वर्षी, नेटवर. त्याच्या वर्षभर आधी माझे वडील गेले होते." तिने कप पुढे केला. "सगळे विचारतात, राग नाही आला का, फसवलं म्हणून. मला नाही आला. मी सात वर्षांची होते तेव्हा तो मेला असता तर मी काय केलं असतं? त्यांनी मला वेळ दिला."

कौमुदीला हे पटले नाही. मूळ मालिकेतल्या त्या भागात शिओ म्हाताऱ्याच्या वहीत त्याच्या मृत्यूच्या दिवशीचे तापमान, वारा आणि दाब लिहिते आणि मग फुगा सोडते. ते काढून टाकले तर बाकीच्या सगळ्या फुग्यांना अर्थ राहत नाही. तिने हे बोलायला तोंड उघडले, आणि समोरच्या मुलीच्या वडिलांचा विचार करून मिटले. मग तिच्या ध्यानात आले की मिटणे हेही म्हाताऱ्याला प्रवासाला पाठवण्याच्याच जातीचे होते.

परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा बिलकिसने तिला लिफ्टपाशी गाठले. "कौमुदी, माझ्यावर रागवू नको हां. मी त्या गदीरला बोलून गेले."

"काय?"

"हेच गो. का तू पास झालीस की आमची कौमुदी घरी, नि पोरीची बारावी मधेच लटकली. तिला नव्हता ठाऊक! ती समजत होती तुला वरची जागा देणारत. रडायलाच लागली माझ्याकडे. मी म्हटलं, रडतेस काय, तुझी काय चूक."

"तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"माझी जीभ," बिलकिस म्हणाली. "ती कोणाचा ऐकते?"

दोन दिवस कौमुदीने स्वतःचे निरीक्षण केले, जसे ती इतर कशाचेही करी. परीक्षेच्या स्लाइड निवडणे तिच्याच हाती होते. कठीण संच लावला असता तर कोणीही नावे ठेवली नसती. कठीण हा शब्द लवचीक आहे, आणि कठोर परीक्षक म्हणून तिची ख्याती होतीच. तिने संच काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. शेवटी तिने कोणत्याही तंत्रज्ञाला लावला असता तोच संच लावला. त्यात क्षयाच्या जंतूंची एक स्लाइड होती, जंतू अगदी विरळ असलेली. तीही नेहमीचीच. या प्रामाणिकपणाचे तिला समाधान वाटले नाही. आपण निवड टाळली आणि टाळण्याला नियम हे नाव दिले, असेही म्हणता येईल, हे तिला दिसत होते.

परीक्षेला डॉ. फकरुद्दीन कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले, फोन हातात. कौमुदी आणि गदीर दोन माणसांच्या सूक्ष्मदर्शकावर समोरासमोर बसल्या. त्याला डोळे लावायच्या दोन जागा असतात आणि दोन्हीकडे एकच चित्र दिसते. स्लाइड सरकवणारा हात मात्र एकीचाच. गदीरने पहिल्या स्लाइड निर्दोष वाचल्या. बोट, नाव, क्रमांक. मग ती विरळ स्लाइड आली. काचेत दिसणारे निळे क्षेत्र हळू सरकू लागले, पेशींचे गढूळ ढग, रिकामी जागा, पुन्हा ढग. कौमुदीला स्लाइड पाठ होती; तिला ठाऊक होते की जंतू नमुन्याच्या थरातल्या एका घडीजवळ आहेत. घडी आली. आणि तिच्या कडेला ते होते: लाल, बारीक, किंचित वाकलेले, दोन जवळजवळ आणि एक तिरका. क्षेत्र थांबले.

ते फार वेळ थांबले. ज्याला काही दिसत नाही तो हात तिथे थांबत नाही. कौमुदी पाहत होती, आणि समोर, काचांच्या पलीकडे, गदीरही पाहत होती, तेच, त्याच क्षणी. दोन माणसांना एकच गोष्ट इतकी निश्चितपणे दिसत असल्याचा दुसरा प्रसंग कौमुदीला आठवेना. मग क्षेत्र सरकले. पुढचे ढग आले, गेले. स्लाइड संपली.

"निगेटिव्ह," गदीर म्हणाली.

डॉ. फकरुद्दीन यांनी फोनवरून मान वर केली. कौमुदीने डोळे काचेवरून उचलले नाहीत. तिला मार्च दिसला. तो एखाद्या वस्तूसारखा दिसला: ईशाचे टेबल, त्यावर रसायनशास्त्राचे पुस्तक, खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या टाक्या. सहा महिने. कोणाचेही नुकसान नव्हते. स्लाइड ज्याची होती तो माणूस कधीचा बरा झाला होता किंवा मेला होता. मुलीला पुन्हा परीक्षा देता येणार होती. आणि हे तिने मागितलेले नव्हते. तिला ते दिले जात होते, प्रेमाने, टेबलापलीकडून. तिला फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसणे तिला येत होते. तिच्या आत कोणताही आवाज वगैरे उठला नाही. तिला इतकेच वाटले की ते तीन लाल जंतू अजून तिथे आहेत, प्रकाशात, चित्राच्या बाहेर.

तिने हात लांब केला आणि गदीरच्या बोटांखालचा खटका स्वतः फिरवला. ढग उलटे सरकले. घडी आली. या सूक्ष्मदर्शकात एक हिरवा बाण असतो, तो दोघांनाही दिसतो. तिने तो आणून जंतूंच्या टोकाशी ठेवला.

"हे काय आहे?"

गदीरने बोटे मांडीवर ओढून घेतली.

"गदीर. बाणाच्या टोकाला काय आहे?"

"दुक्तूरा, प्लीज." आवाज इतका खाली होता की तो कोपऱ्यापर्यंत पोचला नसावा.

"मी तुला विचारतेय. काय दिसतंय?"

कौमुदीने डोळे काचेवरून उचलले. पलीकडच्या काचेवर धुके आले होते. समोरची मुलगी रडत होती आणि डोळे उचलत नव्हती. "पॉझिटिव्ह," ती म्हणाली. "विरळ."

"क्या हुआ, मॅडम?" डॉ. फकरुद्दीन यांनी विचारले. "पहले तो निगेटिव्ह बोली ना?"

"दुसऱ्यांदा पाहून दुरुस्त केलं," कौमुदी इंग्रजीत म्हणाली. "तसं करायला परवानगी आहे. पास आहे. उद्यापासून एकटी रिपोर्ट देऊ शकते."

डॉ. फकरुद्दीन उठले. मग त्यांनी फोन खिशात टाकला. "आपकी मर्ज़ी," ते म्हणाले, आणि जाताना दार नेहमीपेक्षा हळू लावले.

गदीरने स्लाइड खोक्यात ठेवल्या. मास्क ओला झाला होता, तो तिने काढून टाकला. "मी तुम्हाला वेळ देत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग होता, आणि तो रास्त होता.

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं, मला दिसलंय ते."

"थांबली होतीस तू."

"मग? कोणाचं काय गेलं असतं? ती खोटी स्लाइड होती, दुक्तूरा. परीक्षेची."

"उद्या खरी असेल. आज तुझा हात बघून पुढे सरकायला शिकला असता."

"असं होत नसतं."

कौमुदीने विचार केला. "कदाचित होत नसेल," ती म्हणाली. "माझ्याकडे पुरावा नाही."

घरी ईशा खाण्याच्या टेबलावर अभ्यास करत होती. कौमुदीने पर्स ठेवली, पाणी प्यायले, आणि तिच्या लक्षात आले की तिच्या जिभेवर एक वाक्य तयार होऊन बसले आहे: बघू, अजून काही नक्की नाही. वाक्य नीट बांधलेले होते. ते कधी बांधले गेले तिला कळले नव्हते. बहुधा गाडीत, सिग्नलपाशी. तिने ते बाजूला ठेवले आणि सांगितले. गदीर पास झाली, नोटीस येईल, दोन महिन्यांत इकामा संपेल, मार्चपर्यंत राहता येणार नाही. परीक्षेचे काय करायचे ते तिला आज ठाऊक नव्हते. उद्या ती शाळेत जाऊन विचारणार होती.

"यू कुडव्ह फेल्ड हर," ईशा म्हणाली.

"हो."

"कोणाला कळलं असतं?"

"तिला. मला."

ईशाने पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली. ती रडेल असे कौमुदीला वाटले, किंवा ओरडेल. तिने दोन्हींसाठी स्वतःला तयार ठेवले होते. ईशाने फोन उचलला. "आय विल टेल बाबा," ती म्हणाली. "तू नको सांगू. तू सांगशील तसं नको."

तिने फोन टेबलावर उभा केला. नाशिकला घंटी वाजत राहिली. पडद्यावर प्रसाद आला, मागे टीव्हीचा उजेड, दाढी न केलेला. काय झाले, त्याने लगेच विचारले. अलीकडे तो प्रत्येक फोन याच प्रश्नाने उचले. आणि कौमुदीने पाहिले की तिच्या मुलीचा चेहरा, जो आत्ताच दगडासारखा होता, उजळला. खोटा वाटू नये इतकाच, अगदी मोजून. "बाबा, गेस व्हॉट," ईशा म्हणाली, आणि पुढचे मराठीत, जे ती सहसा बोलत नसे. "आम्ही येतोय. दोघी. आईनेच ठरवलं, ती कंटाळली इथे. मी बारावी तिथूनच करीन, काही प्रॉब्लेम नाही, सगळं विचारलंय आम्ही. तुम्ही आधी ती दाढी करा."

नाशिकला एक माणूस फोनच्या जवळ सरकला. मग त्याने हात गालावरून फिरवला. "खरंच?" तो म्हणाला, आणि पडद्याच्या कडेला, अर्धवट दिसणाऱ्या कौमुदीकडे त्याने पाहिले. "कौमुदी? खरंच कंटाळलीस?"

ईशाने मान वळवली नाही. टेबलाखाली तिने एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट आवळून धरले होते. ते फक्त या बाजूने दिसत होते.

कौमुदी खुर्ची ओढून मुलीच्या शेजारी बसली, पडद्यात पूर्ण दिसेल अशी.

"हो," ती म्हणाली. "खूप."